सुट्टीच्या दिवशीचे व्यवस्थापन शिक्षण : इंदूरमधील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

नोकरी किंवा धंदा सांभाळून शनिवार-रविवारी शिकता येतील असे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम इंदूरमध्ये गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहेत. विजयनगर असो की भंवरकुवा, चौकात मान वर केली की एखादा फलक दिसतोच. त्यांपैकी ‘शाश्वत व्यवस्थापन’ या विषयाचा सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात आमचा कोरोगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे आणि त्यातली खरेदी व हिशेब मी पाहते. त्यामुळे हे परीक्षण पहिली नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, स्वतःच्या खिशातून शुल्क भरून सोमवारी सकाळी पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसाला अधिक उपयोगी पडेल. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत; शिवाय याच साच्याचे अभ्यासक्रम शहरात इतरत्रही चालतात आणि इथले बरेचसे त्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी व्यवहाराचे. शुल्क ६० हजार रुपयांच्या घरात असून त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, आणि माहितीपत्रकातला मोठ्या अक्षरांतला आकडा करापूर्वीचा असतो. शुल्क दोन हप्त्यांत भरता येते. माहितीपत्रकात ‘क्रेडिट’, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाबद्दल खात्यावर जमा होणारी एकके, हा शब्द ठिकठिकाणी वापरला आहे, त्याबद्दल मात्र सावध राहावे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर शैक्षणिक क्रेडिट बँकेची व्यवस्था आली आणि एका ठिकाणी मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे नेता येते, हे खरे. पण त्यासाठी शिकवणारी संस्था त्या व्यवस्थेत नोंदलेली असावी लागते. आमची नव्हती. प्रवेश घेताना कोणी तसे स्पष्ट सांगितले नाही, विचारल्यावर मात्र आढेवेढे न घेता सांगितले. ज्यांना पुढे एमबीएला या सहा महिन्यांची सूट मिळेल असे वाटत असेल त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. एमबीए ही पदवी विद्यापीठ किंवा कायद्याने तो अधिकार मिळालेली आयआयएमसारखी संस्थाच देते, पीजीडीएम ही पदविका अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेली संस्था देते, आणि बाकी सारे कागद कितीही जाड असले तरी प्रमाणपत्रेच असतात.

असे अभ्यासक्रम इथे का फोफावले, याला शहराची पार्श्वभूमी आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयाची व्यवस्थापन अध्ययन संस्था १९६९ सालची. त्या काळी इंदूरच्या मध्यमवर्गीय मराठी घरांत मुलगा बँकेत किंवा वीज मंडळात लागला की गंगेत घोडे न्हाले असे मानत, आणि व्यवस्थापन हा शिकण्याचा विषय असतो याचेच नवल वाटे. पुढे १९९६ मध्ये राऊजवळच्या टेकडीवर भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, आली. तिने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला आणि देशातल्या आयआयएममध्ये तो पहिलाच होता. तोवर व्यवस्थापनाकडे वळायचे ते अभियांत्रिकीनंतर, हा ठरलेला मार्ग होता. २०१७ च्या कायद्याने आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, आणि २०२४-२५ पासून बीबीए हा साधा पदवी अभ्यासक्रमही तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला. एका टोकाला शिक्षण असे लांबत आणि लवकर सुरू होत असताना दुसऱ्या टोकाला ते तुकड्यातुकड्यांनी विकले जाऊ लागले आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला दोन वर्षे कारखाना सोडून बसता येत नाही, आणि त्याच्यापुढे आलेले प्रश्न तर तो कॉलेजात असताना अस्तित्वातच नव्हते. माझे तसेच झाले.

कारण सांगते. आमची खोकी इंदूरजवळच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्यांना जातात. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये ‘बीआरएसआर’ नावाचा, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल ठरवून दिला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक झाला. त्यात कंपनीला स्वतःची वीज, पाणी, कचरा, अपघात, स्त्री-पुरुष वेतन अशी माहिती द्यावी लागते. पुरवठादारांविषयीही विचारले जाते. मोठ्या कंपनीला प्रश्न आला की तो प्रश्नावलीच्या रूपाने उतरत उतरत आमच्यासारख्यांच्या ईमेलमध्ये येऊन पडतो. वर्गात शेजारी बसणारे पिथमपूरच्या एका कारखान्यातले पर्यवेक्षक पहिल्याच चहाच्या सुट्टीत म्हणाले, “वहिनी, आमच्याकडेही तो फॉर्म येतो. कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा मागच्या वेळचे आकडे टाकून पाठवून देतो.” वर्गातले निम्मेअधिक लोक याच कारणाने आले होते. कोणाला ओतकामाचा माल युरोपला पाठवायचा होता आणि आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर तिथल्या सीमेवर लागणाऱ्या कार्बन-शुल्काची धास्ती होती, तर कोणाला प्लास्टिक वेष्टनांच्या विस्तारित उत्पादक जबाबदारीची, म्हणजे वापरून झालेल्या वेष्टनांची विल्हेवाट उत्पादकानेच पाहण्याच्या नियमाखालची, नोंदणी करायची होती. ध्येयवादाने आलेला माणूस मला भेटला नाही, आणि त्यात काही वावगे आहे असेही वाटत नाही.

अभ्यासक्रमाचा सर्वांत सरस भाग म्हणजे ऊर्जा आणि कार्बन यांच्या हिशेबाचा घटक. शिकवणारे गृहस्थ पेशाने परिव्यय लेखापाल, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट. कापड गिरण्या आणि तेल गिरण्या यांत त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांनी पहिल्या दिवशी एकही स्लाइड दाखवली नाही. प्रत्येकाने आपापल्या कारखान्याचे वीजबिल आणि डिझेलच्या पावत्या आणायच्या होत्या. फळ्यावर त्यांनी दोन रकाने आखले, एक रुपयांचा आणि एक किलो कार्बन डायऑक्साइडचा. ग्रिडवरून घेतलेल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, आणि जनरेटरमध्ये जळलेल्या डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.६८ किलो. म्हणजे महिन्याला १०,००० युनिट वीज आणि ३०० लिटर डिझेल लागणाऱ्या कारखान्याचे ७ टन विजेचे आणि जेमतेम ८०० किलो डिझेलचे. ज्या जनरेटरच्या काळ्या धुराला आपण शिव्या घालतो तो या हिशेबात लहान, आणि भिंतीवरचा मुका मीटर मोठा, हे फळ्यावर दिसले तेव्हा वर्गात चुळबुळ झाली.

त्यापुढचा तास त्याहून मोलाचा ठरला. बिलातील पॉवर फॅक्टरचा दंड, म्हणजे घेतलेल्या विजेचा पुरेपूर वापर न झाल्याबद्दलची आकारणी, कपॅसिटर हे उपकरण बसवून वाचवता येते, हे कारखानदारांना नवे नाही. सरांनी विचारले, “यातून रुपये किती वाचतील आणि कार्बन किती?” रुपये बरेच वाचतात, मीटरवरची युनिटे मात्र जवळजवळ तेवढीच राहतात. उलट हवेच्या कॉम्प्रेसरची गळती बंद केली की दोन्ही रकाने एकदम खाली येतात. आणि काही उपाय असे असतात की कार्बन कमी होतो पण पैसे वाढतात. तिथे मालकाला निर्णय घ्यावा लागतो आणि तो निर्णय कोणत्याही सूत्रातून निघत नाही. काटकसर आणि पर्यावरण हे नेहमी हातात हात घालून चालतात, हे गुळगुळीत विधान या एका तासात निकालात निघाले. शाश्वतता शिकवण्याचा दावा करणाऱ्या किती अभ्यासक्रमांत एवढा प्रामाणिकपणा असतो, कोण जाणे.

माझ्या धंद्याचा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट बाहेर आली. खोक्याच्या कारखान्यात वीज आणि डिझेल यांचा वाटा कमीच. मुख्य भार विकत घेतलेल्या क्राफ्ट कागदाचा. हा कार्बन आमच्या धुराड्यातून निघत नाही, कागद गिरणीतून निघतो, म्हणून हिशेबाच्या भाषेत तो ‘स्कोप ३’ मध्ये, म्हणजे इतरांच्या हातून होणाऱ्या उत्सर्जनात मोडतो. तो कमी करायचा तर कागद कमी लागला पाहिजे. काही खोकी ५ प्लाय, म्हणजे पाच थरांऐवजी, चांगल्या बर्स्टिंग फॅक्टरच्या, म्हणजे सहज न फाटणाऱ्या कागदाची ३ प्लाय करून तेवढेच वजन पेलू शकतात. कागद वाचतो, भाडे वाचते, गोदामातली जागा वाचते. पण ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाकडे खोक्याचे जे विनिर्देश आहेत ते कित्येक वर्षांपूर्वीचे, आणि ते बदलायचे तर गुणवत्ता विभागाची सही लागते. कार्बनची प्रश्नावली पाठवणारा विभाग तिसराच. तो आमच्याकडे उत्सर्जन कमी करण्याची योजना मागतो, आणि त्याच इमारतीतला खरेदी विभाग जुने ५ प्लाय खोके दरात २ टक्के कपात करून मागतो.

हे मी वर्गात बोलून दाखवले तेव्हा सरांनी दिलेले उत्तर या अभ्यासक्रमाबद्दलचे माझे मत ठरवणारे ठरले. ते म्हणाले की, व्यवस्थापन शाळेत वित्त, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ असे वेगळे पेपर असतात, प्रत्येक पेपरचा प्राध्यापक वेगळा आणि परीक्षाही वेगळी. तिथून निघालेली मुले कंपनीत जाऊन त्याच पेपरांचे विभाग करतात. आता त्यात शाश्वतता हा आणखी एक पेपर जोडला, की आणखी एक विभाग तयार होणार. मला हे पटले, आणि त्यानंतर अभ्यासक्रमाचा प्रत्येक घटक मी याच कसोटीवर पाहिला की तो या भिंती ओलांडतो की त्यांत भर घालतो.

हरित रोख्यांचा, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेल्या कर्जाच्या कागदांचा घटक या कसोटीवर उत्तम उतरला, आणि विशेष म्हणजे त्याचे उदाहरण घरचे होते. नर्मदेचे पाणी खरगोन जिल्ह्यातील जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर, तेही विंध्याची चढण चढवून, इंदूरला आणावे लागते. नळाला येणारा प्रत्येक घोट पंपाने वर खेचलेला असतो आणि त्या विजेचे बिल महापालिकेच्या तिजोरीवरचा कायमचा बोजा आहे. तो हलका करण्यासाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी हरित रोखे विक्रीला काढले. मूळ रक्कम १२२ कोटी, जादा मागणी आल्यास आणखी १२२ कोटी ठेवून घेण्याची मुभा. व्याज वर्षाला ८.२५ टक्के. मागणी मूळ रकमेच्या पाचपटीहून अधिक आली आणि महापालिकेने पूर्ण २४४ कोटी उभे केले. प्रत्येक रोख्याचे ३, ५, ७ आणि ९ वर्षांत परत होणारे चार सारखे भाग होते, त्यामुळे मुद्दल एकदम अंगावर येत नाही.

वित्ताच्या तरुण प्राध्यापिकेने हे प्रकरण तीन भूमिकांतून सोडवायला दिले. एका गटाने महापालिकेच्या लेखाधिकाऱ्याच्या, दुसऱ्याने राजेंद्रनगरमधल्या निवृत्त ठेवीदाराच्या आणि तिसऱ्याने पाणीपुरवठा अभियंत्याच्या जागी बसायचे. निवृत्त ठेवीदाराच्या गटाने विचारलेला प्रश्न सर्वांत टोकदार होता. महापालिकेला व्याज सौर विजेतून झालेल्या बचतीतूनच भरायचे असेल, तर प्रकल्प रेंगाळल्यास पहिल्या वर्षांचे व्याज कुठून येणार? तेव्हा कर्जफेडीसाठी कर-उत्पन्न वेगळ्या खात्यात राखून ठेवण्याची पद्धत, पतमानांकन, आणि ‘हरित’ हे विशेषण रोख्याच्या परतफेडीची हमी नसून पैशाच्या वापरावरचे बंधन असते, हा मुद्दा, या साऱ्याची चर्चा झाली. वित्त, अभियांत्रिकी आणि नागरिक एका टेबलावर आले. शुल्काचा निम्मा मोबदला मला या दोन घटकांतच मिळाला.

देवगुराडियाच्या गोबरधन प्रकल्पाची भेट ही माहितीपत्रकातली ठळक जाहिरात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची असून त्यातून १७ टनांच्या आसपास बायो-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे अशी त्याची आखणी आहे. महापालिकेने किमान निम्मा गॅस शहर बससाठी घ्यायचा, उरलेला चालकाने बाजारात विकायचा, असा करार आहे. जिथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते तिथे आज हे दिसते याचा इंदूरकर म्हणून अभिमान वाटतोच. पण व्यवस्थापनाचा धडा म्हणून पाहायचे तर खरी गोष्ट यंत्रांत नाही. कचरा कुजवून गॅस काढणाऱ्या पाचक टाक्यांना स्वच्छ ओला कचरा हवा असतो. त्यात प्लास्टिक आणि काच मिसळली की सगळी साखळी अडते. म्हणजे या कारखान्याच्या कच्च्या मालाची प्रतवारी सुदामानगरातल्या एखाद्या स्वयंपाकघरात, सकाळी कचरागाडीचे गाणे वाजायच्या आधी होत असते, आणि ती करणाऱ्या बाईला पगार नसतो. पुरवठा साखळीचा यापेक्षा चांगला प्रश्न कोणता मिळणार होता? आम्हाला मात्र यंत्रे दाखवण्यात आली, समूहचित्र काढण्यात आले आणि बस परत निघाली. भेटीनंतर चर्चेचा तास ठेवलेलाच नव्हता.

‘नैतिकता, सामाजिक उत्तरदायित्व आणि शाश्वतता’ हा घटक मात्र निखालस कंटाळवाणा होता. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे जाहीर झाली. ती एकामागून एक वाचून दाखवली गेली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, हेही सांगितले गेले. उरलेल्या ९८ टक्क्यांचे काय, ते कसे मिळवले जातात, हा प्रश्न निघालाच नाही, आणि माझ्या मते या विषयाचे सगळे मर्म त्या प्रश्नात आहे. उदाहरणे सगळी परदेशी: कुठला तरी जॅकेटचा ब्रँड, कुठली तरी गालिच्यांची कंपनी. ती वाईट नाहीत, पण ती इतक्या ठिकाणी सांगितली जातात की सांगणाऱ्यालाही त्यांत रस उरलेला नसतो. परदेशी मानांकन संस्था हल्ली व्यवस्थापन शाळांकडे समाजावरील परिणामाचा पुरावा मागतात. एएसीएसबी या अमेरिकी मानांकन संस्थेच्या २०२० च्या निकषांत तसे स्पष्टच आहे. त्या मागणीच्या रेट्याखाली घाईघाईने लिहिलेले पेपर मोठ्या संस्थांतून छोट्यांकडे झिरपत येतात, आणि हा घटक त्याच प्रवाहातून वाहत आल्यासारखा वाटला.

त्यातच हितसंबंधी घटकांवरच्या, म्हणजे कंपनीच्या बऱ्यावाईटाशी ज्यांचा संबंध असतो अशांवरच्या व्याख्यानात इंदूरच्या हुकुमचंद मिल या कापड गिरणीचे नावही निघू नये, याचे मला फार वाईट वाटले. मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांचे देणे डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे तीन दशकांनंतर चुकते झाले. सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये. ज्यांच्या नावाने ते आले त्यांतले कित्येक तोवर हयात नव्हते. जमिनीचे मूल्य कोणाचे, बँकेचे देणे आधी की मजुराचे, राज्य सरकार, महापालिका आणि बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अवसायक यांनी एकमेकांकडे बोट दाखवत काढलेली वर्षे, आणि अखेरीस निघालेली तडजोड: हे सारे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला एका सत्रभर पुरेल. इंदूरची मालवा, राजकुमार, स्वदेशी अशी गिरण्यांची मालिकाच होती आणि त्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालत होते. संस्था टिकते किंवा बुडते म्हणजे काय, हे शिकवायला दुसरा खंड गाठण्याची गरज नाही. अभिप्रायाच्या अर्जात मी हे सविस्तर लिहिले आहे. या बाबतीत आयआयएम इंदूरने आपल्या विद्यार्थ्यांना मध्य प्रदेशातल्या खेड्यांत राहायला पाठवण्याचा जो ग्रामीण सहभाग कार्यक्रम चालवला आहे, तो मला योग्य दिशेचा वाटतो; निदान पुस्तकाबाहेरचे गाव डोळ्यांनी दिसते.

परीक्षा पद्धतीबद्दल लिहायलाच हवे, कारण व्यवस्थापन शिक्षणातला सर्वांत ताजा बदल तिथे दिसला. सुरुवातीचे दोन गृहपाठ लेखी अहवालाचे होते. ते जमा झाले तेव्हा निम्म्या अहवालांची भाषा एकसारखी गुळगुळीत, परिच्छेद सारख्या लांबीचे आणि शिफारशी कोणत्याही कारखान्याला लागू पडतील अशा. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले ते काम लपत नव्हते. संस्थेने त्यावर आरडाओरड न करता पद्धतच बदलली. पुढचे गृहपाठ तोंडी झाले. आपल्या कारखान्याचे बिल समोर ठेवून दोन परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. यंत्राची मदत घेतली असेल तर ती कुठे घेतली तेही सांगायचे, त्याला मज्जाव नाही. एका गृहस्थांच्या अहवालात बॉयलरच्या कार्यक्षमतेचे सुंदर विवेचन होते. बॉयलर कोणत्या इंधनावर चालतो असे विचारल्यावर कळले की त्यांच्याकडे बॉयलरच नाही. वर्ग हसला, पण ते गृहस्थ त्यानंतर सर्वांत तयारीने येऊ लागले. तोंडी परीक्षा शिक्षकांचा फार वेळ खाते आणि १०० जणांच्या तुकडीत ती चालणार नाही. आमच्या तुकडीत तिशीच्या आसपासच माणसे होती म्हणून जमले. पुढच्या वर्षी संस्थेने तुकडी वाढवली तर हा गुण टिकणार नाही, आणि तुकडी वाढवण्याचा मोह शुल्कावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला होतोच.

बाकीच्या सोयींविषयी थोडक्यात. वर्ग वेळेवर सुरू होत. व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे मिळतात, पण अभ्यासक्रम संपल्यावर थोड्याच दिवसांत बंद होतात. अल्पोपाहाराच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण सढळ हाताने असे, त्यामुळे त्या आघाडीवर इंदूरची अब्रू राखली गेली. वाहनतळ अपुरा आहे. ‘नोकरीसाठी साहाय्य’ या शीर्षकाखाली जे मिळाले ते एक व्हॉट्सअॅप गट आणि स्व-परिचय कसा लिहावा यावरचे व्याख्यान. ज्यांनी त्या आशेने पैसे भरले त्या दोघा तरुणांची निराशा मी पाहिली आहे, आणि माहितीपत्रकातली ती ओळ संस्थेने काढून टाकावी. पाहुण्या वक्त्यांपैकी दोघांनी आपल्या सल्लागार कंपनीची जाहिरात करण्यातच तास घालवला. बदली वक्ता ऐन वेळी येण्याचे प्रकारही घडले.

माझी मुख्य तक्रार मात्र अभ्याससाहित्याची आहे. ज्या विषयाचे नियम दर वर्षी हलतात त्याचे साहित्य छापील, सर्पिल बांधणीचे आणि जुन्या तारखेचे होते. सेबीने जुलै २०२३ मध्ये ‘बीआरएसआर कोअर’ आणून निवडक आकडेवारीची त्रयस्थ पडताळणी मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू केली, पण आमच्या पुस्तिकेत त्याला अर्धे पान होते, आणि युरोपच्या कार्बन-शुल्कावरील प्रकरणात तर ते शुल्क केवळ प्रस्तावित असल्यासारखे वर्णन होते, जेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून त्याखालील माहिती कळवणे सुरू झालेले आहे. लेखापाल सर आणि वित्ताच्या बाई आपापली टिपणे स्वतः अद्ययावत करून आणत. संस्थेच्या छापील पुस्तिकेला मात्र कोणी हात लावत नसावे. दोन्ही शिक्षक अभ्यागत आहेत, तासावर येणारे. त्यांनी यायचे थांबवले तर अभ्यासक्रमात काय उरेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा आला, आणि संस्थेच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधायचा तर कायमस्वरूपी शिक्षक किती, हे इमारतीच्या काचांपेक्षा आधी पाहावे असे मी सांगेन.

कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे ग्राहक कंपन्यांच्या प्रश्नावल्या येऊ लागल्या आहेत, ज्यांना स्वतःच्या वीजबिलाचे आणि खरेदीचे आकडे पाहता येतात, आणि ज्यांच्या हातात निदान एखादा निर्णय बदलण्याचा अधिकार आहे, अशा लघुउद्योजकांना आणि कारखान्यातल्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांना माझी शिफारस आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींनी एवढे पैसे इथे घालू नयेत. त्यांना विद्यापीठाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमातून कमी शुल्कात अधिक काही मिळेल, आणि फळ्यावरचे ते दोन रकाने भरायला त्यांच्याकडे अजून कारखानाही नसतो. ज्यांचा सगळा माल किरकोळ बाजारात जातो आणि ज्यांच्याकडे अद्याप असली कोणतीही विचारणा आलेली नाही, त्यांनी थोडे थांबले तरी चालेल.

संस्था ऊर्जा-कार्बन हिशेब आणि हरित वित्त हे दोन घटक स्वतंत्रपणेही देते, असे मला शेवटच्या आठवड्यात कळले; त्यांचे एकत्रित शुल्क पूर्ण अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून कमी आहे आणि ते माहितीपत्रकात छापलेले नाही. कार्यालयात विचारावे लागते. विचारताना ते घटक कोण शिकवणार आहे, याचे उत्तर लेखी मागून घ्यावे.